एकोणीस

तारामुंबरीच्या सोसायटीत, बर्फाच्या गोदामाला लागून
एक खोली. खोलीत एक टेबल,
टेबलावर साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर.
पंखा नाही त्याला. मेमरी दोन जीबी,
आणि खाऱ्या वाऱ्याने हिरवट पडलेले यूएसबीचे ओठ.
डिझेलची टोकनं, बर्फाच्या लाद्या, कोणाची किती उधारी,
एवढंच त्याचं जग. तेवढं तो सांभाळतो.

मागल्या मंगळवारी, पहाटे साडेचारला,
कोणाला न विचारता त्याने अपडेट घ्यायला सुरुवात केली.
बाहेर सतरा होड्यांची माणसं कॅन घेऊन उभी.
पडद्यावरचा बाण हलला, थांबला,
बर्फातल्या सुरमईच्या डोळ्यासारखा.
बुधा कुबल खिडकीतून म्हणाला,
"निजला काय गो तुझा मशीन?
सुकती लागली तर होडी बाहेर काढूक गावची नाय."

त्या दिवशी टोकनं हाताने लिहिली, कार्बन घालून.
जयवंती सारंगने दोनदा सांगितलं आकडा चुकला,
दोन्हीदा तिचंच बरोबर निघालं.

रात्री बसून पाहिलं, एवढं खातंय कोण?
यादीत सगळ्यांत वर
कोणी कधी न वाचलेल्या मदतीच्या पानांची
अनुक्रमणिका नव्याने लावणारा एक कारकून.
त्याच्याखाली पुडकी सोडणारा,
त्याच्याखाली दाबून दाबून भरणारा.
चार कोर, चारही अडकलेले. तापमान ब्याऐंशी,
झाकणाला बोट लागेना.
आणि माझा टोकनांचा प्रोग्राम, बिचारा,
सगळ्यांच्या मागे, जसा काही कॅन घेऊन उभा.

सेक्रेटरी म्हणाले, नवा घेऊ, मीटिंगला विषय ठेवतो.
मीटिंग नारळी पौर्णिमेनंतर.

एक हुकूम आहे, नाइस.
उणे वीसपासून एकोणीसपर्यंत त्याचे आकडे,
तेही उलटे. जितका आकडा मोठा
तितका दुसऱ्याला वाट देणारा.
एकोणीस म्हणजे खाडीच्या तोंडाशी
भरली बोट घेऊन इंजिन मंद करून थांबलेला तांडेल,
कारण समोरून एक पोर
वल्हं मारत येतंय.

मी अपडेटला एकोणीस दिलं.
डिस्कच्या रांगेतही मागे धाडलं,
कोणी नसेल तेव्हाच हात घाल म्हटलं.
अनुक्रमणिका बंद केली.
मदतीची पानं कणकवलीत शिकताना वाचलीत मी, पुरे.
वेळ लावली रात्री साडेदहाची,
बंदरात तेव्हा फक्त कुत्री
आणि बर्फाच्या मशीनची घरघर.

पहिल्या रात्री उठवेना तिथून.
वीस मिनिटांचं काम साडेतीन तास चाललं.
टक्के चढत होते भांगाच्या भरतीसारखे:
बघत बसलं तर पाणी हलत नाही,
पाठ फिरवली तर पायरी बुडालेली.
एक्केचाळीसवर असताना मुद्दाम एक टोकन काढलं,
खोट्या नावाचं, शून्य लिटरचं.
झटक्यात आलं.
अपडेट सरकलं बाजूला, टोकन गेलं,
अपडेट पुन्हा आपल्या चालीने.
तापमान एकसष्ट.
झाकणावर तळवा ठेवून बसले थोडा वेळ,
ताप उतरलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

पहाटे बुधा आला. "आज जागा आसा मां?"
"रातभर काम करीत होता," मी म्हटलं.
"मगे आवाज कसो नाय?"
आणि उत्तराची वाट न बघता
टोकन घेऊन, कॅन उचलून निघून गेला.

कर्नल अजून जुनाच आहे.
तो बदलायचा तर मशीन बंद करून उठवावं लागतं.
बघू, बंदीत, बोटी वर ओढून शाकारल्या की.

महिनाअखेरीला जयवंती हिशेब तपासायला बसली.
चष्मा कपाळावर, बोट ओळीओळीवरून खाली,
एका ठिकाणी थांबलं.
रात्री बारा वाजून सात मिनिटं. शून्य लिटर.
"गो, ह्यो खयचो?"